घोरणं थांबतं तेव्हा

रात्रीच्या गाडीत, स्लीपरच्या डब्यात, असा एक तरी प्रवासी भेटतोच. मधल्या बर्थवर उताणा झोपलेला, आणि घोरणं असं की रुळांचा खडखडाट त्याखाली दबावा. आजूबाजूचे कूस बदलतात, कुणी चादर डोक्यावरून ओढून घेतं, कुणी हसतं. मग घोरणं एकदम थांबतं आणि डब्याला हायसं वाटतं. दहा सेकंद जातात, वीस जातात, कधी चाळीसही. त्यानंतर घशातून एक मोठा आचका येतो, तो माणूस अर्धवट दचकतो, कूस बदलतो आणि पुन्हा घोरायला लागतो.

ज्या शांततेनं डब्याला बरं वाटलं, त्या शांततेत त्याचा श्वास बंद होता. छाती-पोट हलत होतं, पण हवा आत जात नव्हती. रक्तातला ऑक्सिजन उतरत चालला होता आणि बीपी चढायच्या तयारीत होतं. हा लेख त्या वीस-तीस सेकंदांबद्दल आहे. ते रोज रात्री शे-दोनशे वेळा, वर्षानुवर्षं घडत राहिले की धमन्यांचं काय होतं, आणि आपण घरच्या घरी ते कसं ओळखायचं, याबद्दल.

आपल्याकडे घोरणं ही गाढ झोपेची खूण मानतात. ‘काय डाराडूर झोपलाय बघा’ हे आपण कौतुकानं म्हणतो. हा समज घराघरांतून जितक्या लवकर जाईल तितकं बरं. जो माणूस जोरात घोरतो, मध्येच गप्प होतो आणि आचका देऊन पुन्हा सुरू होतो, त्याची झोप गाढ नसते. मेंदू त्याला रात्रभर थोडं थोडं जागं करत असतो, कारण जागं केलं नाही तर श्वास सुरू होणार नाही. सकाळी यातलं त्याला काहीच आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याच्या झोपेचं मात्र खोबरं झालेलं असतं.

गळ्यात नेमकं काय होतं

नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा श्वासमार्ग मऊ आहे. त्याला आतून हाडाचा आधार नाही, आजूबाजूचे स्नायू तो उघडा धरून ठेवतात. झोपेत हे स्नायू सैल पडतात. मान जाड असेल, गळ्याभोवती चरबी असेल, खालचा जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. उताणं झोपलं की जीभही मागे पडते. अरुंद वाटेतून हवा जाताना टाळूमागचा मऊ पडदा थरथरतो, ते घोरणं. शहाळ्यातली कागदी नळी जोरात ओढली की चपटी होऊन चिकटते, तशी ही वाट पूर्ण मिटली की तो ॲप्निया. या प्रकाराला डॉक्टर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात.

दहा सेकंद किंवा जास्त वेळ हवा थांबली तर एक घटना मोजतात. वाट अर्धवट मिटून ऑक्सिजन उतरला, तर तीही मोजतात. तासाला अशा पाचपेक्षा कमी घटना ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, तीसच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा. आकडा मुद्दाम मांडला, कारण रिपोर्टवरचा ‘३०’ फार मोठा वाटत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेतल्या लठ्ठ माणसांचं दुखणं नाही. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली होती. २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडखळत होता, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा पेंग येत होती. ही सगळी स्वतःला निरोगी समजणारी, कामाला जाणारी माणसं होती. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातल्या पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला, तो सुमारे दहा कोटी चाळीस लाख भारतीयांवर गेला. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणामुळे या आजाराचं नाव काही दिवस वर्तमानपत्रांत दिसलं. मग पुन्हा विसरलं गेलं.

धमनीच्या आत

धमनी म्हणजे रक्त वाहून नेणारी नळी, एवढंच आपण धरून चालतो, आणि ती ‘ब्लॉक’ होते ती तेलामुळे, असंही. तेल-तुपाचा वाटा आहेच. पण धमनीच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचं एक अस्तर असतं, आणि धमनीचं आरोग्य बरंचसं त्या अस्तराच्या हातात असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. त्यानं धमनी सैलावते, रक्तातल्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत, गुठळीही सहजी धरत नाही. या शोधासाठी १९९८ चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं होतं.

आता त्या मधल्या बर्थवरच्या माणसाकडे वळू. श्वास अडकला, ऑक्सिजन ९६ टक्क्यांवरून ८५ वर आला, आचका बसला, तो पुन्हा ९६ वर गेला. दीड मिनिटानं पुन्हा तेच. अपाय फक्त ऑक्सिजन कमी होण्यानं होत नाही, तो झपकन परत येण्यानंही होतो. उपाशी पेशींवर ऑक्सिजन एकदम लोटला की त्यातून फार चंचल, जळजळीत कण तयार होतात. डॉक्टर त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. हे कण अस्तरातलं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतात. धमनीची सैलावण्याची ताकद कमी होते. अस्तर सुजतं, चिकट होतं, पांढऱ्या पेशी त्याला धरतात आणि आत शिरतात. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल याच कणांमुळे खवट होतं आणि भिंतीत साचतं. एका रात्रीत काही होत नाही. दहा वर्षांच्या रात्रींत होतं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला २००७ चा एक प्रयोग मला या सगळ्याचं सार वाटतो. उंदरांचे गट केले. काहींना साधा आहार, काहींना कोलेस्टेरॉलनं भरलेला. काहींना साधी हवा, काहींना ऑक्सिजन सतत खाली-वर होणारी. बारा आठवड्यांनी पाहिलं, तर वाईट आहार आणि साधी हवा यांतल्या उंदरांच्या महाधमनीत थर नव्हते. चांगला आहार आणि खाली-वर होणारी हवा, तिथेही नव्हते. दोन्ही एकत्र मिळाले त्या दहापैकी नऊ उंदरांच्या महाधमनीत थर सापडले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मान्य. तरीही ज्याला कोलेस्टेरॉल आहे, साखर आहे आणि जो रात्री आचके देतो, त्यानं हा प्रयोग लक्षात ठेवावा.

दुसरी वाट बीपीची. गळ्यात दोन्ही बाजूंना, मोठी धमनी जिथे दुभागते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की ती मेंदूला खबर देते आणि मेंदू संकटाची तयारी करतो. धमन्या आवळतात, बीपी उसळतं, आणि श्वास परत आला की नाडीही धावते. जंगलात वाघ दिसावा तशी ही तयारी, आणि ती गादीवर झोपलेल्या माणसाच्या शरीरात रात्री दोनशे वेळा होते. फ्लेचर या संशोधकानं १९९२ मध्ये उंदरांना पस्तीस दिवस, रोज काही तास, असा खाली-वर होणारा ऑक्सिजन दिला. उंदरांचं बीपी दिवसाही चढलेलं राहिलं, म्हणजे साधी हवा मिळत असतानाही. ज्या उंदरांच्या गळ्यातल्या त्या गाठींच्या नसा आधीच कापल्या होत्या, त्यांचं चढलं नाही. रात्रीची सवय शरीर दिवसाही सोडत नाही, ती अशी.

निरोगी माणसाचं बीपी झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतं. धमन्यांना चोवीस तासांत मिळणारी हीच काय ती विश्रांती. स्लीप ॲप्नियात ती हुकते. त्यात मिटलेल्या गळ्यातून हवा ओढण्यासाठी छाती जोर लावते, तेव्हा छातीच्या पोकळीत ओढ निर्माण होते आणि हृदयाच्या व महाधमनीच्या भिंती बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. सततच्या ताणानं धमनी कडक होत जाते. हृदयाचे कप्पे ताणले गेले की अनियमित ठोक्यांचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो, आणि त्यातून गुठळी सुटून पक्षाघाताचा.

सर्वसाधारणपणे अचानक हृदय बंद पडून मरण येण्याचा धोका सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं आधी झोपेची तपासणी झालेल्या आणि पुढे अचानक मृत्यू आलेल्या ११२ जणांच्या नोंदी २००५ मध्ये तपासल्या. स्लीप ॲप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळात गेले होते. आजार नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. ‘झोपेतच गेले, पुण्यवान माणूस’ असं आपण म्हणतो. त्यातल्या काही झोपांची चौकशी आधी व्हायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

घरातल्या ऑक्सिमीटरचा भरवसा

कोविडनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. दुपारी बोटाला लावलं, ९८ आलं, म्हणजे ‘माझा ऑक्सिजन चांगला आहे’, असं लोक म्हणतात. जागेपणी तो चांगलाच येणार, कारण जागेपणी गळा उघडा असतो. रात्री अधूनमधून उठून पाहिलं तरी उपयोग नाही, बोट धरून हलवलं की माणूस जागा होतो आणि आकडा सावरतो. रात्रभर दर काही सेकंदांनी नोंद ठेवणारं यंत्र वेगळं असतं, तेच कामाचं. नखाला गडद नेलपॉलिश असेल तर तेही पुसून घ्यावं, आकडा चुकतो.

त्याहून धोक्याचा दुसरा गैरसमज आहे. कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कोपऱ्यात पडून आहे, तेच रात्री लावू या, असं काही घरांत होतं. मिटलेल्या गळ्याला जास्तीचा ऑक्सिजन उघडत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत ३१८ रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना रात्री नळीनं ऑक्सिजन दिला, काहींना हवेच्या दाबाचं सीपॅप यंत्र. ऑक्सिजन मिळालेल्यांच्या रक्तातला आकडा सुधारला, बीपी मात्र उतरलं नाही. सीपॅपवाल्यांचं उतरलं. म्हणजे आचका, दचकणं, छातीतली ओढ, हे सगळं थांबल्याशिवाय धमन्यांना आराम नाही. काही रुग्णांत, विशेषतः वजन फार असलेल्या किंवा जुना दम्यासारखा फुप्फुसाचा आजार असलेल्यांत, नुसत्या ऑक्सिजननं रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे यंत्र लावू नका.

कुणी तपासून घ्यावं

पहिला साक्षीदार शेजारी झोपणारा माणूस. ‘मध्येच यांचा श्वास थांबतो, मी हलवते तेव्हा येतो’ असं बायको सांगत असेल, तर तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पुष्कळ घरांत घोरण्याला कंटाळून ती दुसऱ्या खोलीत झोपू लागते आणि साक्षीदारच उरत नाही.

बायकांचं वेगळंच असतं. बाई घोरते हे सांगायची घरालाच लाज वाटते, तिला स्वतःला तर जास्तच. नवरा गाढ झोपलेला असतो, त्याच्या कानावर पडत नाही. शिवाय बायकांत हा आजार आचक्यांपेक्षा दुसऱ्या रूपांत जास्त दिसतो: रात्री वारंवार जाग, सकाळी डोकं जड, दिवसभर गळून गेल्यासारखं, चिडचिड, मन लागत नाही. त्यावर रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या, टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी दिली जाते, आणि झोपेची गोळी गळ्याचे स्नायू आणखी सैल करू शकते. पाळी थांबल्यानंतर बायकांत हा धोका बराच वाढतो. पन्नाशीनंतर ज्या बाईचं बीपी नव्यानं चढलं आहे, वजन वाढलं आहे आणि जी उठल्यापासूनच थकलेली असते, तिच्यासाठी घरातल्या कुणीतरी, मुलीनं किंवा सुनेनं, एक रात्र तिच्या खोलीत झोपून ऐकावं.

बीपीचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवीन. तीन-तीन गोळ्या चालू आहेत, त्यात लघवी जास्त होण्याची गोळीही आहे, मीठ कमी केलं आहे, तरी बीपी हटत नाही. अशा माणसानं चौथी गोळी सुरू करण्याआधी ‘माझी झोप तपासायची का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. ब्राझीलमध्ये साओ पावलोला अशा १२५ रुग्णांची तपासणी झाली तेव्हा ६४ टक्क्यांना स्लीप ॲप्निया निघाला. मूत्रपिंड, थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी या सगळ्यांपेक्षा हे कारण जास्त सापडलं. घरी बीपीचं यंत्र असेल तर आठवडाभर सकाळी उठल्यावर, गोळी घेण्याआधी, आणि संध्याकाळी मोजून वहीत लिहा. सकाळचा आकडा रोज चढा येत असेल तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

आणखी काही खुणा. सकाळी उठल्यावर तोंड कोरडं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, ज्याचं खापर नेहमी साखरेवर किंवा प्रोस्टेटवर फुटतं. हृदय ताणलं गेलं की शरीर जास्त लघवी करणारं संप्रेरक सोडतं, हे त्यामागचं एक कारण. टीव्हीसमोर, कीर्तनात, मीटिंगमध्ये बसल्याबसल्या डोळा लागणं. गाडी चालवताना पेंग येत असेल तर तपासणी होईपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग बंद ठेवा, हे धमन्यांपेक्षा तातडीचं आहे.

डॉक्टर वापरतात ती एक सोपी प्रश्नावली टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये आखली. घोरणं, थकवा, श्वास थांबल्याचं कुणी पाहिलेलं असणं, बीपी, वजन, पन्नाशी ओलांडलेली, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. आठपैकी तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर पुढे जायचं. मानेचा घेर शिंप्याच्या टेपनं मिनिटात मोजता येतो. यातली वजनाची अट मात्र आपल्याला फार सैल आहे, कारण ती बीएमआय ३५ च्या वरची. आपल्याकडे हातपाय बारीक, पोट सुटलेलं आणि जबडा लहान असलेल्या माणसालाही हा आजार होतो. ‘मी कुठे जाड आहे’ म्हणून सुटका करून घेऊ नका.

तपासणी आणि रिपोर्ट

आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. जाताना मोबाइलवर टिपलेलं घोरणं न्या. ते पुढे छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवतील. तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. रुग्णालयात रात्रभर झोपून, डोक्याला, छातीला, पायाला तारा लावून केलेली तपासणी सर्वांत नेमकी. अनेकांना घरीच लावायचं लहान यंत्र पुरतं: नाकाशी एक नळी, छाती-पोटाला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. हृदय कमकुवत असेल किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर रुग्णालयातलीच करावी. तपासणीच्या रात्री नेहमीसारखंच झोपा, नेहमीची औषधं घ्या, आणि दारू नेहमी घेत असाल तर तेही आधी सांगा.

रिपोर्ट आला की लोक एकच आकडा पाहतात, तासाला किती घटना. धमन्यांची काळजी असेल तर आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला? आणि नव्वदच्या खाली एकूण किती वेळ राहिला? तासाला वीस घटना असलेल्या दोन माणसांत एकाचा ऑक्सिजन ९२ पर्यंतच उतरतो, दुसऱ्याचा ७८ पर्यंत जाऊन तिथे रेंगाळतो. त्यांच्या धमन्यांवरचा मार सारखा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या गटांच्या नोंदींवरून हेच दिसलं. रात्रभरात ऑक्सिजन किती खोल आणि किती वेळ उतरला, याचा एकत्रित हिशेब केला, तर हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज नुसत्या घटनांच्या संख्येपेक्षा चांगला बांधता आला. नव्वदची रेघही उगीच धरलेली नाही. नव्वदच्या वर रक्त ऑक्सिजन घट्ट धरून असतं. खाली आलं की उतार तीव्र होतो आणि आकडा झपाट्यानं घसरतो.

उपाय, आणि त्यातलं खरं-खोटं

मध्यम आणि तीव्र आजारासाठी सीपॅप. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि हवेचा हलका दाब, जो गळ्याची वाट आतून उघडी धरतो. पहिल्याच रात्री आचके थांबतात.

धमन्या त्यानं सुधारतात का? साओ पावलोच्याच डॉक्टरांनी २००७ मध्ये तीव्र आजाराच्या २४ रुग्णांवर काम केलं. चार महिने सीपॅप वापरलेल्यांत मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी आणि धमन्यांचा कडकपणा, दोन्ही कमी झाले. बीपी सरासरी दोन-तीन अंकांनी उतरतं. आकडा लहान दिसतो, म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

पण मोठी चाचणी वेगळं सांगते, आणि ते वाचकांपासून लपवणं बरोबर नाही. २०१६ मध्ये सात देशांतल्या, त्यात भारतही होता, २७१७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. सीपॅपनं घोरणं, पेंग, मनाची अवस्था सुधारली. हार्ट अटॅक आणि पक्षाघात मात्र कमी झाले नाहीत. या चाचणीतल्या रुग्णांनी मास्क रात्री सरासरी ३.३ तास लावला होता. म्हणजे उरलेल्या झोपेत गळा मिटतच होता. ज्यांना दिवसा फार पेंग येते किंवा ज्यांचा ऑक्सिजन फार खोल उतरतो, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. पुढे २०२३ मध्ये अशा चाचण्यांचे आकडे एकत्र पाहिले तेव्हा रोज चार तास किंवा जास्त वापरणाऱ्यांत हृदयाच्या आणि मेंदूच्या घटना कमी दिसल्या. जे नियमानं मास्क लावतात ते इतर पथ्यंही पाळतात, हेही त्यामागे असू शकतं. माझं मत असं: सीपॅप हे बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन, साखरेचं औषध यांच्या जागी येत नाही, त्यांच्या बरोबरीनं येतं. आणि ते अर्धी रात्र लावून पूर्ण फायद्याची आशा धरू नये.

म्हणून सगळी मेहनत ते लावता यावं यासाठी करा. पहिले आठ-दहा दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना मास्क लावून बसा, नाकाला आणि मनाला सवय होऊ द्या. मास्क विकत घेण्याआधी दोन-तीन प्रकार लावून पाहा. जाड मिशी किंवा दाढी असेल तर कडेनं हवा निसटते, अशांना नाकपुड्यांशी बसणारा लहान मास्क बरा पडतो. तोंड कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर जोडून घ्या, त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला, आणि ते रोज बदला. मास्क रोज साध्या साबणानं धुवा. गावाकडे वीज जात असेल तर इन्व्हर्टरची सोय आधी करा. गावाला, लग्नाला, यात्रेला जाताना यंत्र घरी ठेवू नका. महिन्यानं यंत्रातली नोंद डॉक्टरांना दाखवा, किती तास लावलं आणि हवा किती निसटली, ते त्यात कळतं.

सौम्य आजारात आणि सगळ्यांसाठीच काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. कुशीवर झोपणं. उताणं वळायची सवय असेल तर बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवतात, टोचला की माणूस आपोआप कुशीवर येतो. झोपण्याआधीची दारू बंद. तंबाखू, सिगारेट, मिश्री बंद, कारण धमनीच्या त्याच अस्तरावर त्यांचाही घाव बसतो. नाक चोंदत असेल तर त्याचा इलाज. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर घटना सुमारे पाव हिश्शानं कमी होतात, असं विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं केलेल्या पाहणीत दिसलं. लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र आजार असलेल्यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड या इंजेक्शनाला मान्यता दिली. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याचं औषध नव्हे. जबडा पुढे धरणारं दातांचं साधन सौम्य-मध्यम आजारात चालतं, दंतवैद्याकडून मापानं करून घ्यावं लागतं. टॉन्सिल मोठे असतील, विशेषतः लहान मुलांत, तर ऑपरेशननं चांगला गुण येतो. घोरणारं मूल गोड दिसतं, तरी तपासून घ्या.

शंख फुंकण्याबद्दल अलीकडे विचारणा होते. जयपूरमध्ये तीस रुग्णांवर सहा महिने केलेल्या अभ्यासात दिवसाची पेंग आणि रात्रीच्या घटना थोड्या कमी झाल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. गळ्याच्या स्नायूंना व्यायाम होतो, हे पटण्यासारखं आहे. अभ्यास लहान आहे. शंख जरूर फुंका, पण त्याच्या भरवशावर मास्क काढून ठेवू नका.

कुठल्याही ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना स्लीप ॲप्नियाबद्दल स्वतःहून सांगा. भुलीनंतर गळा मिटण्याचा धोका अशा रुग्णांत जास्त असतो.

घरात कुणाचं घोरणं मध्येच थांबत असेल, तर आज रात्री त्याच्या उशाशी मोबाइल ठेवून पाच मिनिटं टिपून घ्या. थांबलेले सेकंद मोजा. आणि या आठवड्यात ते डॉक्टरांना ऐकवा.